मरणाच्या दारातून परतताना मेंदूत काय घडते?

गोव्यात हृदय बंद पडलेला माणूस वाचण्याची शक्यता आज आपल्या आजोबांच्या काळापेक्षा पुष्कळच जास्त आहे. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते, किनाऱ्यांवर जीवरक्षक उभे असतात, गावच्या आरोग्य केंद्रातला ईसीजी बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयतज्ज्ञांना दाखवून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. पूर्वी जी माणसे घरातच किंवा वाटेत गेली असती, ती आता आयसीयूत डोळे उघडतात. त्यांच्यातले काही जण घरी आल्यावर एखाद्या जवळच्या माणसाला अशी गोष्ट सांगतात, की ऐकणाऱ्याला काय बोलावे ते सुचत नाही.

डिचोलीच्या माझ्या आत्याने ती मला सोप्यावर बसून सांगितली. इस्पितळात तिचे हृदय थांबले होते आणि छाती दाबून, विजेचा झटका देऊन तिला परत आणले होते. “म्हाका म्हजेंच आंग सकयल दिसतालें,” ती म्हणाली. आपण छताजवळ आहोत, खाली खाटेवर आपलेच शरीर पडले आहे, नर्स छातीवर जोर देते आहे आणि पंख्याच्या पात्यांवर धूळ साचली आहे, हे सगळे तिने पाहिले.

“आते, भ्यायलीस?”

“भिऊ कशाला? दुखणंच संपलं होतं. उलट त्या पोरीची दया येत होती, किती घामाघूम झाली होती बिचारी.”

पोटच्या मुलांना तिने यातले काही सांगितले नव्हते. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला असे म्हणतील, ही भीती. तिच्यासारख्या अनेकांना हीच भीती असते, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. हे अनुभव खोटे नाहीत आणि वेडाचे लक्षणही नाहीत. माणूस जे सांगतो ते त्याला खरोखरच जाणवलेले असते. प्रश्न एवढाच, की ते कुठून येते. यावर गेल्या पन्नास वर्षांत चांगला अभ्यास झाला आहे आणि त्याचा रोख बऱ्यापैकी एकाच दिशेला आहे: संकटात सापडलेला मेंदू.

अमेरिकेतले डॉक्टर रेमंड मूडी यांनी १९७५ साली अशा कहाण्या एकत्र केल्या आणि त्यांच्यातले साम्य लोकांपुढे आणले. शरीराबाहेर असल्याची जाणीव, अंधारा बोगदा, त्याच्या टोकाला उजेड, गेलेले नातेवाईक भेटणे, सगळे आयुष्य डोळ्यांपुढून सरकणे, कमालीची शांती, आणि जिच्यापलीकडे गेल्यास परत येता येणार नाही अशी एक सीमा. मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १९८३ मध्ये १६ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात ३२ पैकी ७ किंवा अधिक गुण मिळाले, तर तो मृत्युसमीप अनुभव धरतात. संशोधक आजही हीच मोजपट्टी वापरतात.

पुढे जाण्याआधी ‘मेला होता आणि परत आला’ या वाक्याकडे नीट पाहायला हवे. हृदय थांबले की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या आतच ईईजीवरची, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखावरची, त्याची हालचाल सपाट होऊ लागते. पण काम थांबणे वेगळे आणि पेशी मरणे वेगळे. पेशी मरायला कित्येक मिनिटे लागतात, आणि छाती दाबणे चालू असेल तर तेवढ्यातही थोडे रक्त मेंदूला पोचत राहते. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूमृत्यूची व्याख्या आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या मंडळाला निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या कराव्या लागतात. असे अनुभव सांगणारी माणसे त्या रेषेच्या अलीकडूनच परतलेली असतात. त्यांचे हृदय थांबले होते, मेंदू कायमचा गेलेला नव्हता.

हा अनुभव सगळ्यांना येतो असेही नाही. नेदरलँड्समधले हृदयतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी दहा इस्पितळांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. हे सगळे हृदय बंद पडून वाचलेले होते. त्यांतल्या ६२ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, असे काही आठवत होते. त्या ६२ मधल्या साधारण चौथ्या हिश्शाने शरीर सोडून बाहेर गेल्याचे सांगितले, तर बोगदा एकतीस टक्क्यांनी. व्हॅन लोमेल स्वतः ‘हे सारे मेंदूचेच काम’ या स्पष्टीकरणाच्या विरोधात आहेत आणि त्यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही: प्राणवायू सगळ्यांचाच तुटला होता, मग अनुभव फक्त १८ टक्क्यांनाच का? मला वाटते, या प्रश्नाने ‘प्राणवायू कमी पडला’ हे एका ओळीचे उत्तर निकालात निघते, मेंदू मात्र निकालात निघत नाही. एकच ताप घरातल्या सगळ्यांना येतो, पण तापात सगळेच बरळत नाहीत.

आता आत्याच्या मुख्य गोष्टीकडे, म्हणजे वरून स्वतःला पाहण्याकडे येऊ. या भागावर विज्ञानाची पकड सर्वांत पक्की आहे.

जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी फेफऱ्याच्या एका ४३ वर्षांच्या रुग्णावर उपचार करत होते. झटके मेंदूच्या कोणत्या भागातून उठतात हे शोधण्यासाठी अशा रुग्णाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवतात आणि जागेपणी अगदी सौम्य वीज देऊन पाहतात. उजव्या कानाच्या थोडे वर आणि मागे एक वळी आहे, तिचे नाव अँग्युलर जायरस. तिथे थोडी वीज दिली तेव्हा ती बाई म्हणाली की आपण खाटेत खाली रुततो आहोत, उंचावरून पडतो आहोत. वीज किंचित वाढवली, तर ती हलकी होऊन छताजवळ, खाटेच्या सुमारे दोन मीटर वर तरंगू लागली आणि खाली पडलेली स्वतःला पाहू लागली. दिसत होते ते फक्त पाय आणि कमरेकडचा भाग. नंतर तिला पायांकडे पाहायला सांगून पुन्हा वीज दिली, तर पाय आखूड होत असल्याचे तिला दिसले. गुडघे वाकवून ठेवले असता ते पाय जोराने तोंडावर येत आहेत असे वाटून तिने अंग चुकवले. वीज बंद की सगळे बंद, पुन्हा दिली की पुन्हा सुरू. हा शोधनिबंध २००२ चा. त्या बाईचे हृदय व्यवस्थित चालू होते, ती डॉक्टरांशी बोलत होती, मरणाचा तिथे काही संबंधच नव्हता.

मेंदूच्या त्या जागेला टेम्पोरोपरायटल जंक्शन म्हणतात. डोळ्यांनी दिसणारे, अंतर्कर्णातून येणारी तोलाची खबर आणि सांधे-स्नायू-त्वचेची जाणीव, या तिन्हींचा मेळ घालून ‘मी इथे आहे, या अंगात आहे’ असा निकाल तिथे सतत दिला जातो. हा निकाल इतका अचूक आणि बिनबोभाट येतो, की तो कोणी देत असेल असे आपल्याला कधी वाटतच नाही. मोबाइलच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका असतो ना, तसे हे काम. गाडी अटल सेतूवरून जात असताना सिग्नल बिघडला, तर ठिपका कधी कधी मांडवीच्या पाण्यात जाऊन बसतो. ठिपका म्हणजे गाडी नव्हे, पण नकाशापुरती गाडी पाण्यातच असते. मेंदूचेही असेच होते. तोल, स्पर्श आणि दृष्टी यांच्या खबरा जुळेनाशा झाल्या तरी तो ‘ठाऊक नाही’ म्हणत नाही. हाती असेल त्यावरून आपल्याला कुठेतरी ठेवतो, आणि त्याने ठेवलेल्या जागेवरून आपण जग पाहू लागतो.

धडधाकट माणसालाही असे फसवता येते. २००७ मध्ये हेन्रिक एर्सन यांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला. माणसाच्या पाठीमागे दोन कॅमेरे ठेवून त्यांचे चित्र त्याच्या डोळ्यांवरच्या पडद्यावर दाखवले, म्हणजे त्याला स्वतःचीच पाठ समोर दिसू लागली. मग एका दांडीने त्याच्या खऱ्या छातीला स्पर्श केला आणि त्याच क्षणी दुसरी दांडी कॅमेऱ्यांच्या खाली, जिथे त्याची ‘छाती’ असायला हवी तिथे, हलवली. थोड्याच वेळात त्या माणसाला वाटू लागले की आपण मागे, कॅमेऱ्यांच्या जागी बसलो आहोत आणि समोरचे शरीर दुसऱ्या कुणाचे आहे. त्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारला, तर भीतीने कातडीवर येणारा घाम यंत्राने टिपला. कानाच्या तोलाचेही असेच: फ्रान्समध्ये चक्कर-भोवळीच्या रुग्णांना विचारले, तेव्हा १४ टक्क्यांनी शरीराबाहेर गेल्याचे सांगितले, निरोगी माणसांत हेच प्रमाण ५ टक्के निघाले.

बोगदा आणि उजेडाबद्दल थोडक्यात सांगता येईल. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना मोठ्या चक्राकार यंत्रात गरगर फिरवून सराव देतात. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते, आधी कडेचे दिसेनासे होते, नजर अरुंद होत जाते, मग अंधार आणि बेशुद्धी. अमेरिकेत जेम्स व्हिनरी यांनी अशा शेकडो प्रसंगांची नोंद केली. काही वैमानिकांना त्या थोड्या सेकंदांत छोटी, अतिशय स्पष्ट स्वप्ने पडली, काहींना तरंगल्यासारखे आणि सुखावल्यासारखे वाटले. जर्मनीत १९९४ साली ४२ निरोगी तरुणांना मुद्दाम झीट आणून पाहिले, तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास तरुणांना दृश्ये दिसली, काही जण शरीराबाहेरही गेले. पण या सगळ्यात रक्तपुरवठा तुटलेला होता. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम १८७१ मध्ये आल्प्समधल्या कड्यावरून कोसळले. पडता पडता त्यांच्या डोळ्यांपुढून सारे आयुष्य गेले, भीती अजिबात वाटली नाही. त्या वेळी त्यांच्या मेंदूला रक्ताची काही कमतरता नव्हती, फक्त आता मरणार ही खात्री होती. १८९२ साली त्यांनी कड्यांवरून पडून वाचलेल्या इतर गिर्यारोहकांच्याही हकिकती प्रसिद्ध केल्या. म्हणून ‘प्राणवायू कमी पडला की बोगदा’ एवढ्यावर भागत नाही. मरण जवळ आले ही जाणीवसुद्धा मेंदूत काहीतरी सुरू करते.

ते काय असावे याचा एक धागा झोपेत सापडतो. पहाटे जाग येते, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते. गावात याला देवचाराने दाबले म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना कुलूप घालतो. ते कुलूप निघण्याआधी जाग आली, तर जागेपणी स्वप्न दिसते आणि अंग मात्र जखडलेले राहते. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ केविन नेल्सन यांनी २००६ मध्ये मृत्युसमीप अनुभव आलेल्या ५५ जणांची इतरांशी तुलना केली. जागेपणात स्वप्नझोप घुसण्याचा असा प्रकार त्यांच्यात ६० टक्क्यांना कधी ना कधी घडलेला होता, इतरांत २४ टक्क्यांना. म्हणजे काही मेंदूंची जाग आणि स्वप्न यांच्यातली भिंत मुळातच पातळ असते. व्हॅन लोमेल यांच्या ‘सगळ्यांना का नाही’ या प्रश्नाच्या उत्तराचा निदान एक तुकडा इथे मिळतो, असे मला वाटते.

दुसरा धागा रसायनांचा. केटामिन हे भुलीचे औषध देशातल्या शस्त्रक्रियागृहांतही रोजच्या वापरातले आहे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या शार्लोट मार्शियल यांच्या गटाने २०१९ मध्ये ६२५ मृत्युसमीप अनुभवांची वर्णने घेतली आणि वेगवेगळी रसायने घेतलेल्यांनी लिहिलेल्या सुमारे १५ हजार वर्णनांशी त्यांचा शब्दन् शब्द संगणकावर ताडून पाहिला. सर्वांत जवळचे निघाले केटामिन. मरणाच्या वेळी मेंदू स्वतःच तसे रसायन तयार करतो असे यावरून सिद्ध होत नाही. अशा अनुभवाची यंत्रणा मेंदूत आधीपासून तयार असते, एवढे कळते.

थांबलेल्या हृदयाबरोबर मेंदू लगेच गप्प होतो, ही समजूतही आता डळमळली आहे. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये उंदरांची हृदये थांबवून पाहिली. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या मेंदूत गॅमा नावाच्या जलद विद्युत लहरींचा असा जोर आला, की जागेपणीही इतका सुसूत्र नसतो. २०२३ मध्ये त्यांनी चार माणसांच्या नोंदी तपासल्या. वाचण्याची आशा संपल्याने त्यांचा व्हेंटिलेटर नातेवाइकांच्या संमतीने काढला होता. दोघांच्या मेंदूत तीच उसळी दिसली, आणि त्यात कानामागची आपली जंक्शनची जागाही होती. अर्थात त्या दोघांना आधी फेफऱ्याचे झटके येऊन गेले होते, आणि ते दोघेही गेले. त्यांना काय जाणवले हे सांगायला कोणी उरले नाही. त्यामुळे ‘मरणाऱ्या मेंदूतला शेवटचा उजेड सापडला’ अशा मथळ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग या अनुभवाला रूप कोण देते? ते माणूस जिथे वाढला तिथून येते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ प्रसंगांचा अभ्यास मांडला. दोघेही पुनर्जन्माच्या हकिकतींचे अभ्यासक, म्हणजे अशा गोष्टी उडवून लावणारे नव्हेत. त्यांच्या भारतीय लोकांना न्यायला दूत आले होते, वही घेऊन बसलेल्या माणसापुढे त्यांना उभे केले, वहीत पाहिल्यावर भलत्यालाच आणल्याचे लक्षात आले आणि परत पाठवून दिले. बोगदा जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या लोकांना वहीवाला भेटत नाही, त्यांना मेलेले आप्त म्हणतात की तुझी वेळ अजून झालेली नाही. आपल्याकडे घरात कोणी गेले की तेरा दिवस गरुडपुराण वाचतात, वटपौर्णिमेला सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढणाऱ्या यमाची कथा सांगतात. चित्रगुप्ताची वही आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच गावातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मनात त्या जागी सायबीण, म्हणजे मेरी माता, असते. सगळ्यांनी एकच परलोक पाहिला असता, तर तो धर्मागणिक आणि देशागणिक इतका बदलला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तरीही एक गोष्ट उरते, आणि लोक तिच्यावरच बोट ठेवतात: बेशुद्धीत पाहिलेले खरे कसे निघते? आत्याने पंख्यावरची धूळ पाहिली. ती छताजवळून पाहिली, की शुद्ध जाण्याआधी उताणे पडल्यापडल्या नजरेत भरली आणि मग मेंदूने तिला त्या चित्रात बसवले, हे आज ठरवता येत नाही. ठरवण्यासाठी डॉक्टर सॅम पार्निया यांनी साधी युक्ती केली. इस्पितळांच्या खोल्यांत उंचावर फळ्या लावल्या आणि फक्त छतावरूनच दिसतील अशी चित्रे त्यांच्यावर ठेवली. २०१४ मध्ये निकाल आला: १५ इस्पितळे, हृदय बंद पडल्याचे २०६० प्रसंग, मुलाखत देण्याच्या अवस्थेत १४० जण. सविस्तर बोललेल्या १०१ पैकी दोघांनीच आजूबाजूला घडलेले पाहिल्या-ऐकल्याचे सांगितले. त्यांतल्या एकाचे वर्णन जुळले, विशेषतः झटका देणाऱ्या यंत्राचा आवाज. पण त्याच्या खोलीत फळीच नव्हती.

पुढचा प्रयोग २०२३ चा. या वेळी छाती दाबणे चालू असतानाच रुग्णाच्या डोक्याजवळ टॅब्लेटवर चित्रे दाखवली आणि कानांत हेडफोन लावून तीन फळांची नावे पुन्हा पुन्हा ऐकवली: सफरचंद, पेअर, केळे. ५६७ पैकी ५३ वाचले, २८ जण बोलू शकले. चित्र कोणालाही सांगता आले नाही. फळांची नावे एकाने ओळखली. आणि छाती दाबणे चालू असताना, कधी ३५ ते ६० मिनिटांनंतरही, काहींच्या ईईजीवर जागेपणासारख्या लहरी मधूनच उमटल्या. म्हणजे डोळे मिटलेल्या, नाडी न लागणाऱ्या माणसाचे कान काही क्षण जागे असू शकतात. आवाजावरून दृश्य उभे करणे तर मेंदूचे रोजचेच काम आहे. स्वयंपाकघरात भांडे पडले, तर कोणाच्या हातून पडले हेही आपण माजघरात बसून ‘पाहतो’. म्हणून माझी इस्पितळात काम करणाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळकळीची विनंती आहे. ‘आता काही उरले नाही’, ‘सोडून द्या’ असले शब्द त्या खाटेपाशी बोलू नका.

उत्तर न मिळालेला खरा प्रश्न वेळेचा आहे. हा अनुभव हृदय थांबतानाच्या पहिल्या सेकंदांत येतो, मधल्या अधूनमधून उजळणाऱ्या क्षणांत, की शुद्ध परतताना? आठवणीवर घड्याळ नसते. परतताना अर्ध्या मिनिटात पाहिलेले तासाभराचे वाटू शकते आणि आधी घडले असेही वाटू शकते. ज्यांना हे आत्म्याचे प्रमाण वाटते, त्यांना सपाट ईईजीच्या नेमक्या वेळेतली, पडताळून पाहता येईल अशी एक तरी गोष्ट दाखवावी लागेल. अजून तशी मिळालेली नाही. मिळाली तर मी माझे मत बदलेन.

तोपर्यंत घरात कोणी असे काही सांगितले तर आधी ते पूर्ण ऐकावे. ‘तुला भास झाला’ म्हणून तोडू नये, आणि कोणा बाबाकडे घेऊन जायची घाईही करू नये. बहुतेकांना यातून धीरच येतो, मरणाची भीती कमी होते. काहींना मात्र परत आल्याचे वाईट वाटते, घरात मन लागत नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे. आयसीयूतला गोंधळ ही गोष्ट निराळी: रुग्ण दिवस-रात्र विसरतो, नळ्या ओढतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. तो आजार आहे, डॉक्टरांना लगेच सांगायला हवा. आणि हृदयाचा काही त्रास नसताना, बसल्याबसल्या किंवा झोप लागता लागता कोणी वारंवार शरीराबाहेर जात असेल, तर त्यामागे अंतर्कर्णाचा दोष, अर्धशिशी किंवा फेफऱ्याचा छुपा प्रकार असू शकतो. ज्यांना हात-पाय न झाडता नुसतीच क्षणभर तंद्री लागते, त्यांचे फेफरे घरच्यांच्या वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ ईईजी काढतात, आणि गोळ्यांनी झटके आटोक्यात आले की हे तरंगणेही बहुधा थांबते.